आधी वायर, मग कार्बोरेटर

दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर आणि दोन्हींना उघडणारी एकच मूठ. अशा मोटरसायकलच्या ट्यूनिंगवरून गॅरेजात कायम दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कान आणि हात तयार असले की पुरे. दुसरा म्हणतो, मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांवर काम करणारे जाणते मिस्त्री कमी होत चालले आहेत. म्हणून हा वाद नीट मांडून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

उदाहरणाला राजदूत ३५० घेतली आहे. यामाहाच्या आर.डी. ३५० वरून एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ पासून फरिदाबादला बनवली आणि १९८९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. ३४७ सी.सी.चं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर. मुठीतून निघालेली एक वायर पुढे टाकीखाली तीन फाट्यांत विभागते: दोन फाटे दोन कार्बोरेटरमधल्या स्लाइडना, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपांना, आणि तिसरा इंजिनला तेल देणाऱ्या ऑइल पंपाला. या तिसऱ्या फाट्यामुळे इथली चूक नुसत्या खराब आवाजावर भागत नाही, पिस्टनपर्यंत जाते.

दोन्ही मतं मी एका मामा-भाचीच्या तोंडी दिली आहेत. मामांचा जन्म कोल्हापुरातल्या गॅरेजात गेला. भाची पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी इंजिनिअर. तिने ही गाडी जुनी विकत घेतली. गाडीची तक्रार अशी: हळू चालवताना हिसके देते, उजव्या बाजूचा प्लग सारखा काळा आणि ओला होतो, आयडल कधी चढतं तर कधी पडतं. आधीच्या मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा साफ केले, तरी फरक पडला नाही.

भाची : मामा, टाकी उतरवू या. दोन्ही स्लाइड मी मोजून घेते. उजवं सिलिंडर मागं पडतंय, म्हणजे सिंक गेलंय, दोन्ही स्लाइड सोबत उठत नाहीत.

मामा : टाकी राहू दे जागेवर. टाकी काढली की वायर मोकळी होते आणि जो दोष शोधायचा तोच पळून जातो. गाडी गरम कर, आयडलला सोड आणि मुठीला हात न लावता हँडल एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, पार टोकापर्यंत वळव.

भाची : डावीकडं रेस चढते. उजवीकडं नेलं की उतरते.

मामा : मग कार्बोरेटरला हँडल कुठं वळलंय ते कोण सांगतं? वायरच ना? हँडल बघ. मूळचं नाही, कुणीतरी उंच आणि रुंद बसवलंय. वायर मात्र जुन्याच मापाची. वळताना ती ताणली जाते आणि स्लाइड वर उचलते. ही गोष्ट कार्बोरेटर दोनदा काय, दहादा साफ करूनही जाणार नाही.

भाची : हे पटलं. त्यामागचं तत्त्वही सांगते, कारण ते कळलं की पुढचे दोष आपोआप कळतात. या वायरीला बाऊडेन केबल म्हणतात, तिचं पेटंट १८९६ चं. आतली तार ओढ पोहोचवते आणि बाहेरचं आवरण तेवढाच उलटा दाब सोसतं. म्हणजे तारेची लांबी आणि आवरणाची लांबी यांतला फरक, एवढंच कार्बोरेटरला कळतं. आवरण कुठं मुडपलं, टाकीखाली दबलं, ॲडजस्टरमधून निसटलं किंवा हँडल वळताना ताणलं, की तो फरक बदलतो. मूठ हलली नाही तरी स्लाइड हलते.

मामा : बरोबर. म्हणून मी म्हणतो, पहिली पाच मिनिटं पाना-पेचकस खिशातच ठेवावा. हँडल वळवून बघावं. मग इंजिन बंद करून मूठ पूर्ण उघडून एकदम सोडावी. खट् आवाज करून ती मिटली पाहिजे. सरळ हँडलवर, डावीकडं, उजवीकडं, तिन्ही वेळा. कुठं रेंगाळली तर तिथंच थांबायचं. मिटायला कां कूं करणारी मूठ घेऊन रस्त्यावर जाऊच नये.

भाची : आणि चालत्या गाडीवर अडकली तर?

मामा : क्लच दाबायचा आणि गाडी बंद करायची. मूठ उलटी पिळत बसायचं नाही. वायर फक्त ओढते, ढकलत नाही. स्लाइड खाली आणायचं काम स्प्रिंगचं. तार मध्येच अटकली असेल तर मूठ कितीही मागं फिरवा, स्लाइडपर्यंत काही पोहोचत नाही.

भाची : म्हणूनच पुढं कित्येक गाड्यांना दोन वायरी आल्या, एक उघडायला, एक मिटायला. होंडाची सी.बी. ७५० आठवा. १९६९ साली ती आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांत एका मुठीवरून चार कार्बोरेटरना चार फाटे जायचे. ते चारही एकसारखे ठेवणं जिकिरीचं होतं. मग होंडानं चारही कार्बोरेटर एका दांड्यानं जोडले आणि ओढायला-मिटायला दोन वायरी दिल्या. वायरीवर चालणारं सिंक टिकत नाही, हे कारखान्यानंच मान्य केलं असा याचा अर्थ.

मामा : टिकत नाही असं नको म्हणू. सांभाळावं लागतं असं म्हण. मुठीचे दोन स्क्रू काढ आणि तारेचं टोक, तो निपलचा गोळा, बाहेर घे. आता कापसाचा बोळा घेऊन तारेवरून सावकाश फिरव.

भाची : निपलच्या जरा खाली कापूस अडकला.

मामा : डोळ्याला दिसत नव्हतं ना? एक धागा तुटलाय आणि टोक बाहेर आलंय. तार नेहमी इथंच तुटायला लागते, कारण मूठ फिरते तेव्हा तिला याच जागी वाक पडतो. निपल त्याच्या खाचेत फिरेनासा झाला की सगळा वाक तारेवर येतो. आज एक धागा, महिन्याभरात चार. त्यातला एखादा आवरणाच्या तोंडात घुसून अडकला की रेस उघडीच राहते. हे कुठल्या गेजवर दिसणार?

भाची : गेजवर नाही दिसणार. पण तपासणीच्या यादीत 'निपलपाशी कापूस फिरवणे' ही ओळ असली, तर जो कोणी यादी पाळेल त्याला दिसेल. तुम्हाला हे अनुभवानं माहीत आहे. ज्याला तुमच्याएवढी वर्षं मिळाली नाहीत, त्यानं काय करायचं? तुम्ही गॅरेज बंद कराल तेव्हा हे ज्ञान कुठं राहणार? माझा आग्रह मोजण्याचा आहे, त्याहून जास्त लिहून ठेवण्याचा आहे.

मामा : लिही की. मी अडवतोय होय? फक्त लिहिलेलं वाचून हात आंधळा होऊ देऊ नकोस. बरं, आता उजव्या कार्बोरेटरचा आयडल स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढ. काय झालं?

भाची : काहीच झालं नाही. रेस तेवढीच.

मामा : का?

भाची : स्लाइड स्क्रूवर टेकलेलीच नाही, म्हणून. वायरीला ढिलाई उरलेली नाही. स्लाइड वायरीवर लटकते आहे.

मामा : हा धडा लक्षात ठेव. आयडल स्क्रूचं काम स्लाइडला बूड देण्याचं. बुडावर बसलेली नसेल तर स्क्रू फिरवून उपयोग नाही. मिस्त्री घाईत असतो. स्क्रू फिरवतो, फरक दिसत नाही, मग एअर स्क्रू फिरवतो, मग जेट बदलतो. दोष वायरीत, आणि पाच जागच्या सेटिंगची वाट. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी गाडी थोडी सुधारतेही. दोष स्क्रूखाली झाकला जातो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. चौकात वळलं की रेस चढते.

भाची : म्हणून मुठीची ढिलाई आधी मोजायची. मुठीच्या कडेवर बहुतेक गाड्यांना साधारण २ ते ६ मिलिमीटर देतात, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ढिलाई नसेल तर पुढचं एकही माप खरं नाही. इथं तुमचं हँडल वळवणं आणि माझी पट्टी एकच गोष्ट सांगतायत.

मामा : इथं सांगतायत. पुढं सांगतीलच असं नाही. वायर नवी घाल. उंच हँडल ठेवायचं असेल तर त्या मापाची लांब घे, नाहीतर मूळचं हँडल शोध. जुन्या वायरीचा ॲडजस्टर मोकळा करून भागवायचं नाही.

भाची : नवी आणली तर गाडीवर चढवण्याआधी टेबलावर सरळ ठेवून बघायची. आवरण घट्ट बसवून दोन्ही कार्बोरेटरच्या फाट्यांतून किती तार बाहेर येते ते मोजायचं. दोन्हींत फरक असेल तर पाकिटावर काही छापलेलं असो, ती जोडी नव्हे. थोडा फरक ॲडजस्टर सांभाळून घेतो. जास्त असेल तर एका बाजूचे आटे संपतात आणि दुसऱ्या बाजूचे पडून राहतात.

मामा : आणि आत तेल सोडायचं. वरच्या टोकाला प्लास्टिकचं नरसाळं बांधून पातळ तेल. खालच्या टोकातून थेंब पडेपर्यंत धीर धरायचा.

भाची : आवरणाच्या आत नायलॉनचं अस्तर असेल तर बनवणारा काय सांगतो ते वाचून. काही वायरी कोरड्याच वापरायच्या असतात. ग्रीस मात्र कुठल्याच वायरीत भरू नये. ते धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं. वायरीची वाटही मूळची ठेवायची. इंजिनच्या फिनांना टेकायला नको, टाकीखाली दबायला नको, कुठं तीव्र वळण नको. टाकी बसवून झाल्यावर हँडल पुन्हा वळवून बघायचं.

मामा : शाब्बास. आता आपलं भांडण सुरू होतं. वायर बसली, ढिलाई आली. सिंक कसं करशील?

भाची : इंजिन बंद. एअर फिल्टरकडची बाजू मोकळी. सगळे ॲडजस्टर सैल करून दोन्ही स्लाइड आपापल्या आयडल स्क्रूवर बसवायच्या. मग एकाच मापाच्या दोन ड्रिल बिटांचा मागचा गुळगुळीत भाग स्लाइडखाली घालून दोन्हींची उंची सारखी करायची. बिटांना दोरा बांधलेला, म्हणजे हातून सुटलं तरी आत जाणार नाही. त्यानंतर ॲडजस्टर फिरवून अशी वेळ साधायची की मूठ हलवताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठतील. चेकनट आवळायचे आणि आवळल्यावर पुन्हा बघायचं, कारण चेकनट आवळताना ॲडजस्टर थोडा फिरतोच.

मामा : मी तर्जन्या घालतो. एक डाव्या कार्बोरेटरमध्ये, एक उजव्यात. मूठ दुसऱ्याकडून सावकाश फिरवून घेतो. कुठली स्लाइड आधी उठली ते बोटाला कळतं. मग इंजिन चालू करून दोन्ही सायलेन्सरच्या मागं तळवे धरतो. धक्का सारखा लागला की झालं. एवढ्याशा फरकासाठी ड्रिल बिट कशाला?

भाची : तो फरक एवढासा नाही, म्हणून. जपानी आर.डी. ३५० वर मिकुनीचा २८ मिलिमीटरचा कार्बोरेटर होता, तोच धरू. गोल गळा खालून उघडत जातो. एक स्लाइड ३ मिलिमीटर उचललीय, दुसरी ४. सुईचा आणि स्लाइडच्या खाचेचा हिशेब बाजूला ठेवला, तर पहिल्या बाजूला वाट उघडते सुमारे ३५ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ५४. म्हणजे दीडपट! आता दोन्ही जवळजवळ पूर्ण उघडा, एक २४ वर, दुसरी २५ वर. तोच एक मिलिमीटर आता फक्त तीनएक टक्क्यांचा फरक करतो.

मामा : म्हणून गाडी वर नेली की दोष पळतो आणि गर्दीत हळू चालवताना हिसके देते.

भाची : हो. लोक म्हणतात, 'टॉपला गाडी मस्त आहे, मग सिंक बरोबरच असणार.' नेमकं उलट आहे. टॉपला सिंकची चूक लपते. आणि उजवा प्लग ओला का होतो तेही यातूनच कळतं. पंप दोन्ही बाजूंना तेल देतो सारखंच, पण मागं पडलेल्या बाजूला हवा-पेट्रोल कमी. तिथलं जळण अर्धवट, तेल प्लगवर.

मामा : हिशेब चांगला आहे. बोटाला एक मिलिमीटर नक्की कळतो, पण पाव मिलिमीटर कळतो का, हे छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. ड्रिल बिट ठेव तुझं.

भाची : तळव्याचं मात्र मला मान्य नाही. टू-स्ट्रोक गाडी तेल जाळते, सायलेन्सरच्या आतल्या नळ्यांवर काजळी बसते. एका बाजूच्या नळीत जास्त काजळी असेल तर धक्का कमी लागेल. तुम्ही ती बाजू कार्बोरेटर उघडून भरून काढाल, आणि सारख्या असलेल्या स्लाइड असमान होतील. तेच झालं ना, दोष स्क्रूखाली झाकणं?

मामा : हे खरं आहे. सायलेन्सरच्या नळ्या आधी काढून साफ केल्याशिवाय तळव्यावर विसंबू नये. पण मग हाच न्याय तुझ्या मापालाही लाव. दोन्ही स्लाइड तू सारख्या केल्यास. दोन्ही सिलिंडर सारखी झाली का? या गाडीला कॉन्टॅक्ट पॉइंट दोन आहेत, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. एका बाजूचा टायमिंग हलला असेल, एका बाजूचं कॉम्प्रेशन गेलं असेल, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबराला चीर पडून एक बाजू हवा धरत असेल, तर तुझी स्लाइड अगदी काट्यावर आणि गाडी तरीही एका पायानं लंगडी. तुझं माप सांगेल सगळं ठीक आहे. माझा कान सांगेल नाही.

भाची : तेव्हा कान काय ऐकतो, ते सांगा. मला शिकायचं आहे.

मामा : एका बाजूचं इंजिन बंद करून दुसऱ्या बाजूचं ऐकायचं. प्लगची टोपी काढून नुसती लोंबत सोडायची नाही. एक जादा प्लग घ्यायचा, टोपीत बसवायचा, इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून ठेवायचा. उघड्या प्लगच्या भोकाजवळ किंवा पेट्रोलजवळ नाही, नाहीतर ठिणगीनं घात होईल. मग फक्त डावं सिलिंडर चालव, नंतर फक्त उजवं. दोन्ही वेळा इंजिन सारख्याच धडपडीनं तग धरतं का, ते ऐक. एक बाजू लगेच मरत असेल आणि स्लाइड सारख्या असतील, तर सिंकला हात न लावता पॉइंट, कॉम्प्रेशन आणि रबर बघायचे.

भाची : रबरासाठी मी इंजिन चालू ठेवून सांध्याभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारते. रेस बदलली तर तिथून हवा जाते. गरम सायलेन्सरपासून दूर, उघड्या जागेत, आग विझवायची सोय जवळ ठेवून. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मामा : आणि हवा धरणारी बाजू मोकळी सोडायची नाही. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो आणि जाम होतो.

भाची : चार-स्ट्रोक गाड्यांचीही हीच गोष्ट, मामा. तिथं प्रत्येक सिलिंडरची ओढ व्हॅक्यूम गेजवर मोजतात आणि काटे सारखे करतात. गेज बघून लोकांना वाटतं, आता चूक शक्यच नाही. पण व्हॉल्व्हची ढिलाई चुकलेली असेल तर गेज त्या सिलिंडरची ओढ कमी दाखवतो, आणि माणूस ती कार्बोरेटर फिरवून भरून काढतो. काटे जुळतात, दोष तसाच राहतो. म्हणून तिथंही आधी व्हॉल्व्ह, प्लग, हवेची गळती, आणि सिंक शेवटी. गेज दोष मोजतो, दोषाचं नाव सांगत नाही.

मामा : हे तू बोललीस, मी नाही. मग मोजणाऱ्यांचा एवढा आग्रह कशासाठी?

भाची : ऑइल पंपासाठी. इथं मी मागं हटणार नाही. तिसरा फाटा विसरू नका. पंप किती तेल देणार ते दोन गोष्टींवर ठरतं, इंजिनचा वेग आणि मूठ किती उघडली. कार्बोरेटरच्या वायरी हलवल्या की पंपाचीही वायर हलते. मूठ मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी धरायची, पंपाच्या कप्पीवरची खूण पिनेसमोर येते का ते डोळ्यानं बघायचं, नसेल तर पंपाचा ॲडजस्टर फिरवायचा. हे काम सगळ्यात शेवटी, पण टाळायचं नाही. पंप मागं पडला तर तेल कमी जातं. त्याचा आवाज काय असतो, मामा?

मामा : काहीच नसतो. उलट धूर कमी होतो, गाडी हलकी चालल्यासारखी वाटते. लोक म्हणतात, 'वा, काय सुंदर ट्यूनिंग झालंय.' आणि घाटात, भर उन्हात पिस्टन धरतो.

भाची : म्हणजे जिथं सगळ्यात मोठं नुकसान होतं, तिथं कान मुका आहे. म्हणून खूण बघायची आणि वहीत लिहायचं: मुठीची ढिलाई किती ठेवली, ॲडजस्टर किती फेरे बाहेर आहेत, आयडल किती, पंपाची खूण जुळली का. उद्या काही बिघडलं तर आपण कुठून निघालो ते कळेल.

मामा : आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं, वहीशिवाय. तुझ्या वहीत ते पहिल्या ओळीवर लिही.

भाची : लिहिते. पण अजून एक विचारायचंय. चाकणला बजाजच्या कारखान्यात २०१७ पासून बनलेली के.टी.एम. ३९० ड्यूक बघा. मूठ फिरली की संवेदक ती नोंदतो आणि मोटर झडप उघडते. वायरच नाही. मग कान आणि हात कशासाठी जपायचे?

मामा : वायर गेली, तरी मूठ आहे, स्प्रिंग आहे, हवा आणि पेट्रोल आहे. तिथंही यंत्र एक आकडा दाखवेल आणि माणसाला विचारावं लागेल, हा आकडा कशामुळं आला? तुझ्या प्रयोगशाळेत गाडी धडधडली तर पहिल्यांदा कळतं कुणाला, संगणकाला की शेजारी उभ्या माणसाला?

भाची : बहुतेक वेळा माणसाला. मग आम्ही संगणकात बघतो.

मामा : बस, तेवढंच माझं म्हणणं. कान सुरुवात करून देतो.

भाची : आणि माझं म्हणणं, कामाचा शेवट कानावर सोडू नये. गाडी तयार झाली असं कानानं म्हटलं, तरी पंपाच्या खुणेनं होकार दिल्याशिवाय ती रस्त्यावर न्यायची नाही.

मामा : या गाडीपुरतं मान्य. उद्या एका सिलिंडरची, साधी गाडी आली तर मी वही उघडणार नाही.

भाची : मी उघडीन.

इथे त्यांचं एकमत झालं नाही, आणि व्हायलाही नको. अनुभवी कान असलेला माणूस साध्या गाडीसाठी वही उघडणार नाही. शिकणाऱ्याने मात्र ती उघडलीच पाहिजे. पण एका मुद्द्यावर दोघेही जाऊन पोहोचले, आणि मलाही तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिंक हे दुरुस्तीचं पहिलं पाऊल नव्हे, ते शेवटाकडचं काम आहे. आधी वायरीची वाट आणि ढिलाई, मूठ खट् मिटते का, निपलपाशी तार शाबूत आहे का. मग प्लग, पॉइंट, कॉम्प्रेशन, रबर आणि सायलेन्सरची काजळी. हे सगळं पास झालं की स्लाइड सारख्या करायच्या, आणि त्यानंतर ऑइल पंप. क्रम मोडला की स्क्रू दोषाची दुरुस्ती करत नाही, त्याला लपवतो. लपलेला दोष टू-स्ट्रोक गाडीत पिस्टन मागतो आणि अडकलेल्या रेसच्या रूपात माणसाचा जीवही मागू शकतो.

म्हणून माझं गॅरेजवाल्यांना एक सांगणं आहे. कार्बोरेटर खोलण्याआधी गाडी गिऱ्हाइकासमोर आयडलला ठेवा, हँडल दोन्ही बाजूंना वळवा, मूठ उघडून सोडून दाखवा. काही बिघाड दिसला तर तो त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. यासाठी कुठलं अवजार लागत नाही, पाच मिनिटंही पुरतात. आणि गिऱ्हाइकाला माझं सांगणं एवढंच, की कुणी हे न करता सरळ स्क्रू फिरवायला बसला, तर त्याला नम्रपणे थांबवा आणि हँडल स्वतः वळवून दाखवा.